चौथा कोपरा

"मोरीच्या जाळ्याच बऱ्या होत्या आपल्या!" म्हणत सासूबाईंनी पत्र्याचा एक कोपरा दाबला. समोरचा टपकन वर आला आणि सपाट लोखंडी टेबलावर खडखड झाली. भोकाभोकांनी काढलेलं झाड सुरेख होतं, पण पत्रा परातीसारखा खोलगट झाला होता.

मोरीच्या जाळ्यांखेरीज काही न केलेल्या या कारखान्यात झाडाचं काम सुनेनेच हट्टाने आणलं होतं. मुलांच्या दवाखान्यात, मागे दिवा लावून, ते भिंतीवर बसायचं होतं. दोन पत्रे वाया गेले. गिऱ्हाइकाने दिलेला एकच उरला होता, आणि गिऱ्हाईक दुपारी न्यायला येणार होतं. हाही वाकला की पुन्हा जन्मभर जाळ्या.

"भोकं पाडायचा पंच नवा, त्याखालची डाय नवी. मुरडायला झालंय काय या मेल्याला?" करवादत सासूबाईंनी डाय परत बसवायला घेतली. पान्याने एक बोल्ट थोडा आवळला, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा.

ते हात सून रोज बघायची. आज बघता बघता ती उठूनच उभी राहिली.

"आई, तुम्ही बोल्ट ओळीने का नाही आवळत?"

"ओळीने आवळले तर डाय एका अंगाला कलते. इतकी वर्षं इथे राहून एवढंही..." सासूबाई थबकल्या. पाना हातातच राहिला.

"आणि भोकं मात्र आपण ओळीने पाडतो! प्रत्येक भोक पत्र्याला जरासं ढकलतं. आपण सगळा रेटा एकाच अंगाने लावतो, मग पत्रा फुगणार नाही तर काय! एक आड एक पाडू. आधी मधली, मग थोडी इकडे, थोडी तिकडे. उरलेली मागाहून भरू."

"आणि एखादं राहून गेलं तर?"

"खुणा केल्यात मी. मी पत्रा सरकवते, तुम्ही प्रेसचं पायडल मारा."

प्रेस धडधडू लागला. अर्धी भोकं पाडून झाली तेव्हा सासूबाईंनी मान वाकडी केली.

"हे झाड आहे की पत्र्याला गोवर आलाय?"

सून खळखळून हसली, पण हात हलू दिला नाही. मग दुसरी फेरी सुरू झाली. मधल्या जागा भरत गेल्या. खोड उभं राहिलं, फांद्या फुटल्या. "आला, आला, शेंडा आला!" सासूबाई ओरडल्या, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

शेवटचं भोक पडलं तेव्हा बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

दोघींनी पत्रा अलगद टेबलावर ठेवला. सासूबाईंनी पहिला कोपरा दाबला. आवाज नाही. दुसरा. नाही. तिसरा. नाही. चौथ्याशी त्यांनी हात मागे घेतला.

"हा तू दाब."

सुनेने डोळे मिटून दाबला. टेबल मुकं राहिलं.

हॉर्न पुन्हा वाजला. गिऱ्हाइकाला दारात ताटकळत ठेवलं म्हणून घरादाराला फैलावर घेणाऱ्या सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"वाजवू दे त्याला," त्या म्हणाल्या. "सरक बघू, मला परत एकदा सगळे दाबून बघू दे."