कडी लागणारं दार

माझी लेक सेरवा पाहते त्या सिनेमांत वयात आलेली मुलगी आईवर ओरडते, धाडकन दार लावते आणि पलंगावर पडून रडते. आमच्या घानातल्या, कुमासी शहरातल्या बिऱ्हाडात दोन खोल्यांमध्ये नुसता पडदा आहे. "मामाला जुळं झालंय, सोमवारी तू सांभाळायला जायचं. शाळा पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं. "तुझं पुढचं वर्ष कधी उजाडतं गं, आई?" किंचाळत तिनं पडदा खेचला, तो हातातच आला. मग ती सगळ्या बिऱ्हाडांच्या सामाईक न्हाणीघरात शिरली. आवारात आतून कडी तिथेच लागते. बाहेर बादल्या घेऊन शेजाऱ्यांची सकाळची रांग होती. "आत झोपलीस काय?" घरमालकीण खेकसली, हुंदका ऐकताच तीच मोठ्यानं भजन गाऊ लागली. सेरवा तोंड धुऊन बाहेर आली. रांगेतल्या प्रत्येकाला रीतीनं "नमस्कार आजी", "नमस्कार काका" म्हणाली. शेवटी मी उभी होते, नमस्काराचं उत्तर ओठांवर ठेवून. ती पुढे गेली.