न फोडलेली ढेप

रकियाचा सतरा वर्षांचा बद्र न्यायाधीशासमोर तोंड वर करून खोटं बोलत होता, तेही आईच्या शेजारी बसून. “सोयरीक झालीच नाही. आमच्यातलं कुणी त्यांच्या दारात गेलं नाही.” घरात तसंच ठरलं होतं, रकियानंही मान डोलावली होती. इथल्या कायद्यानं सोयरीक सिद्ध झाली तरच, त्याच्यापासून वर्गातल्या पोरीला झालेल्या तान्हुलीला त्याचं नाव आणि पोटगी मिळणार होती. पोरीच्या आईनं टेबलावर निळ्या कागदातली साखरेची ढेप ठेवली. “सोयरिकीला मुलाकडचे आणतात ती ही. लग्नाच्या चहाला फोडणार होते.” ढेपेवरची फीत रकियाच्या लग्नातली होती. “बाजारात अशा ढिगानं मिळतात,” बद्र हसला. “माझी आई असल्यांची पायरी चढेल?” रकिया उठली. “सोयरिकीची साखर मीच नेली होती, साहेब.” मग लेकाकडे वळली. “बापाविना तूही वाढलास, पण त्याचं नाव तरी होतं. लेकीला तेवढंही न देणारा हात माझ्या ताटात नको.”