पांढरीची माती

पांढरीच्या, म्हणजे जुन्या उजाड वस्तीच्या, टेकाडाची माती खत म्हणून रानात पसरायची, हा पिढीजात रिवाज. शॅरनचं उत्खनन तिथंच चालू होतं. काल तिला तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी दिसली; आत तीन हजार वर्षांपूर्वीचं तान्हं बाळ. आज बघते तर जेसीबीनं मडक्यांसकट मातीच उचलून नेलेली. ती धावत खालच्या शेतात गेली, पसरलेल्या मातीत गुडघ्यांवर बसून वेड्यासारखी हाडं शोधू लागली. समोरून शेताचा मालक बन्सी ट्रॅक्टरनं माती उलथत येत होता. "काका, थांबा! बाळाची हाडं आहेत यात. आईबापांनी राहत्या घरात, जमिनीखाली पुरलं होतं त्याला!" "आता काय ऱ्हायलं आसंल, ताई? सरका." बांधावरून बन्सीची बायको उठली, ट्रॅक्टरपुढं येऊन बसली. "त्या आईच्या पायाखालीच हुतं लेकरू," ती नवऱ्याला म्हणाली. "आपलं कुठं पुरलं, ते तुमी मला आजून दावलं न्हाई."