आज्याची मेंढरं

सिदूआबांनी कोकराचे पाय वीत लावून मोजले आणि त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. एवढा एकच नर कळपात राहणार होता, बाकीचे बाजारात जाणार होते.

"हाच का, आबा?" नात काजलनं विचारलं. तिच्या कॉलेजच्या अर्जावर सही करायला आबा तयार नव्हते. देवानं मेंढरं आहेत तशीच वारुळातून काढली, ही जुनी कथा आबा खरी मानत; म्हणून मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या बदलत आली असं शिकवणारं कॉलेज त्यांना नको होतं. अर्जाचा आज शेवटचा दिवस होता.

"याचे पाय लांब हायेत. माझ्या आज्याची मेंढरं बुटकी हुती, घाटात दमून मरायची. आज्यानं लांब पायांचेच नर राखले, बापानं बी तेच केलं. आता बघ, कशी चढत्यात."

"म्हणजे वारुळातनं बुटकीच निघाली हुती?"

आबांनी कोकराचे पाय पुन्हा एकदा वीत लावून मोजले. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या पुस्तकात माझ्या आज्याचं नाव हाय का?"

"न्हाई."

"मग आण तो कागद. शिकून ये आणि तूच लिही. देवाचं बी लिही, सुरवात तरी त्यानंच करून दिली."