मागची खोली

इफ्फत स्वमग्न आहे, तिला मोठा आवाज सोसत नाही. चिखलीच्या शाळेत तिचा वर्ग नेमका रस्त्याला लागून, म्हणून तिची आई हसीना मागची शांत खोली मागत होती. शाळा दाद देईना. शेवटी 'विशेष मुलांचे कैवारी' असं स्वतःच स्वतःला म्हणवणारे दादासाहेब मध्ये पडले. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर मूठ आपटून गरजले, "मॅडम, या लेकरांना शांतता लागते, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

वर्ग मागच्या खोलीत हलला. पण कैवाऱ्यानं जिंकल्यावर गप्प बसायचं म्हणजे इज्जतीचा प्रश्न राव! सोमवारी शाळेच्या गेटवर दादासाहेबांचा दुमजली फ्लेक्स लागला, डीजे आला, त्यांच्या अंगावर जेसीबीतून फुलं उधळली, फटाक्यांची माळ तडतडली. त्या सगळ्याच्या मधोमध इफ्फतला आणून उभं केलं होतं. ती दोन्ही कान गच्च दाबून किंचाळत होती.

दादासाहेब हसीनाकडे वाकले आणि डीजेच्या वर आवाज काढून ओरडले,



"ताई, पोरीचे हात काढा की कानांवरचे! माझा सत्कार कुठल्या हातानं करणार ती?"