भंडाऱ्याची शपथ

"उचला वहिनी, भंडारा उचला. नुसतं म्हणा, खंडोबाची आण, मत तात्यांनाच!"

सरपंच तात्या हात जोडून उंबऱ्यात उभे होते. त्यांच्या माणसानं बेल-भंडाऱ्याचं ताट थेट वनमालाच्या पुढ्यात धरलं होतं. निवडणूक परवावर आलेली आणि वस्तीवर घरोघर हेच चाललं होतं. नवऱ्यानं तर केव्हाच चिमूट उचलून शपथ घेतली होती.

वनमालाचं डोकं फिरलं. पाच वर्षं हंडे वाहून तिची मान मोडली, तेव्हा तात्यांना पाण्याचे हाल दिसले नाहीत. त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या बचत गटाच्या ताईंना मत द्यायचं तिनं कधीच ठरवलं होतं. पण देवाची खोटी शपथ घ्यायला जीभ रेटेना. मेल्यांना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर देवाला दारोदार फिरवत होते!

"अगं उचल की, देवापुढं कसला विचार?" नवरा खेकसला.

तिनं डोक्यावर पदर घेतला, मूठभर भंडारा उचलला आणि कपाळाला लावला. "खंडोबाची आण, मत माझ्या मनाला पटेल त्यालाच देईन. आणि कुणाला दिलं, ते मरेपर्यंत सांगणार नाही. घरातल्यांनाही नाही."

ताट धरणारा गडबडला. "हे असं नसतं, वहिनी..."

"का? देव तोच आहे ना?"

मंडळी पुढच्या घराकडं वळली. नवरा कुजबुजला, "मला तरी सांग, कुणाला देणार?"

"अहो, आता विचारूसुद्धा नका," वनमाला म्हणाली. "शपथ मोडली तर देव तुमच्याच घरावर कोपेल."