तिशीच्या आतला पुरस्कार

"काका, याही वर्षी हुकला. पुढच्या वर्षी माझं वयच बसणार नाही."

जॅमच्या कारखान्यातली ती तरुण तंत्रज्ञ. तिला सगळं काम शिकवणाऱ्या साहेबांना ती काकाच म्हणायची. त्यांनी गार बशीवर जॅमचा थेंब टाकला आणि तो ओघळतो का ते पाहत म्हणाले, "मी शब्दसुद्धा टाकला होता गं. वशिल्याचा बाजार सगळा. जिवाला लावून घेऊ नकोस, तू इथंच बरी आहेस."

त्यांचा फोन वाजला. हात चिकट होते, म्हणून तिनंच स्पीकर लावला.



"साहेब, पुरस्कार समितीतून बोलतोय. मॅडमना यंदाही पुरस्कार नको असं तुम्ही कळवलंत, म्हणून दुसऱ्याला दिला. निदान समारंभाला तरी पाठवा की त्यांना."